पाने गेली तरी कंद जिवंत असतो
थंड देशांच्या बागेत उष्ण देशांची झाडे हिवाळा कसा काढतात?

हिवाळ्यात एखाद्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचे थेंब गोठले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र झळकते. आपण ते कौतुकाने पाहतो. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला मात्र त्यात काहीच कौतुक वाटत नाही. तो बिचारा बागेत शेकोट्या पेटवून रात्र जागून काढीत असतो. थंडी म्हणजे काय, ते त्याला विचारावे. बरे, आपल्याकडची ही कडाक्याची थंडी मोजक्या दिवसांची. इंग्लंड, जर्मनी, कॅनडा किंवा अमेरिकेचा उत्तर भाग येथे ती महिनोन्‌महिने मुक्काम ठोकते. काही भागांत जमीन वीत-दोन वीत खोल गोठून दगडासारखी होते. अशा देशांतही केळ, कर्दळ, अळू, जास्वंद, डेलिया ही उष्ण प्रदेशातील झाडे लोक हौसेने लावतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगवतात. ती कशी जगवतात, हे वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

कुणी म्हणेल, दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कष्टकऱ्याला विलायतेच्या बागेशी काय देणेघेणे? आमच्या मते देणेघेणे आहे. आपल्या वस्त्यांतली मुलेमुली आज शिकायला परदेशी जात आहेत. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीने कितीतरी घरांतले पहिलेच मूल विमानात बसले. ते मूल तिकडे खोलीच्या खिडकीत एखादी कुंडी ठेवते आणि इकडे आईला फोनवर तिची हकिकत सांगते. दुसरे असे की, बागकाम हे हातांचे काम आहे तसेच ते डोक्याचेही काम आहे. माळ्याच्या हातात खुरपे दिसते, पण त्याच्या डोक्यातले शास्त्र दिसत नाही. ते दिसावे म्हणूनही हा लेखनप्रपंच.

थंडी झाडाला मारते कशी?

घरात फ्रिज असेल त्यांनी एक पिकलेले केळे त्यात ठेवून पाहावे. दोन-तीन दिवसांत साल काळी पडते. फ्रिजमध्ये बर्फ झाला नाही, पाणी गोठले नाही, तरी साल काळी पडली. उष्ण प्रदेशातील वनस्पतीला थंडीची बाधा गोठणबिंदूच्या कितीतरी आधी होते, याचे हे घरगुती प्रात्यक्षिक होय. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती एक नाजूक पडदा असतो. पारा १०-१२ अंशांच्या खाली उतरला की या झाडांच्या पेशींचा पडदा थिजल्यासारखा होतो. आतबाहेरचा व्यवहार बिघडतो, पाने पिवळी पडतात, कडा काळ्या होतात. त्याखाली तापमान शून्यावर गेले की पेशींच्या बाहेरचे पाणी आधी गोठते आणि तो बर्फ पेशीतले पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी सुकते, पडदा फाटतो. सकाळी ऊन पडले की पान उकडलेल्या भाजीसारखे लोंबू लागते.

मग तिथली सफरचंदाची झाडे कशी जगतात? ती आधीच तयारीला लागतात. दिवस लहान होऊ लागले की पानांतले सत्त्व खोडा-मुळांत ओढून घेतात, पाने टाकून देतात आणि झोपी जातात. ही सवय त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत मुरलेली आहे. आपल्या केळीला अशी सवय असण्याचे कारणच नव्हते, कारण तिच्या मूळ मुलखात असा हिवाळा कधी आलाच नाही. तेव्हा हा दुबळेपणा समजू नये. जिथे जन्मली तिथल्या हवेला ती पुरेपूर लायक आहे.

थंडीच्या जोडीला दुसरे संकट अंधाराचे. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर लंडनमध्ये तो ८ तासांपेक्षाही लहान असतो. त्यातही सूर्य ढगाआड. म्हणजे झाड ऊबदार घरात घेतले तरी त्याची अन्न शिजवण्याची चूल अर्धवटच पेटते. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सारे उपाय आपोआप समजतात.

राजवाडे, काचघरे आणि रात्रपाळीचे हात

प्रारंभी हा शौक राजेरजवाड्यांचा होता. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या व्हर्साय राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात संत्र्यांच्या झाडांसाठी एक प्रचंड इमारत बांधली गेली. भिंती अतिशय जाड, तोंड दक्षिणेकडे, उंच खिडक्या. भट्टी न पेटवताही आतले पाणी गोठत नाही अशी तिची रचना. संत्री, लिंबे, डाळिंबे, कण्हेर अशी हजाराहून जास्त झाडे लाकडी पेट्यांत लावलेली असतात. ऑक्टोबरच्या सुमारास ती आत नेतात आणि मे महिन्यात बाहेर काढतात. तीनशेहून अधिक वर्षे हा परिपाठ चालू आहे.

इंग्लंडमध्ये काचेवर सरकारचा कर होता. तो १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात १८४४ ते १८४८ या काळात लोखंड आणि काचेचे पाम हाऊस उभे राहिले. त्याच्या तळघरात बॉयलर होते आणि त्यांचा कोळसा जमिनीखालच्या बोगद्यातून आणला जाई. क्यूमध्ये ताडासारखे दिसणारे, सायकस वर्गातले एक झाड आहे. ते १७७५ साली दक्षिण आफ्रिकेहून आणले गेले आणि १८४८ साली पाम हाऊसमध्ये हलवले गेले. क्यूमध्ये आल्यापासून १८१९ साली एकदाच त्याला शंकूसारखे फळ धरले. २०२५ साली त्याला येऊन २५० वर्षे झाली. वाचकहो, एका कुंडीतल्या झाडाला इतके हिवाळे ज्यांनी तारून नेले, त्या माळ्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील याचा हिशेब करावा. झाडाला आणणाऱ्या माणसाचे नाव इतिहासात आहे. रोज पाणी घालणाऱ्यांची नावे शोधावी लागतात.

डर्बिशायर परगण्यात चॅट्सवर्थ नावाची एका ड्यूकची जहागीर आहे. तिथे जोसेफ पॅक्स्टन हा १८२६ साली मुख्य माळी झाला. वय अवघे २२. शेतकऱ्याच्या घरातले हे सातवे मुलगे. याने तिथे एक अवाढव्य काचघर बांधविले. त्याचे काम १८३६ साली सुरू झाले. लांबी २७७ फूट, आठ बॉयलर आणि गरम पाणी खेळवण्यासाठी सात मैल लांबीचे लोखंडी नळ! पुढे १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस नावाची काचेची इमारत याच माळ्याने आखली. त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १८५४ साली तो पार्लमेंटात निवडून गेला. त्याने काचेचे आणि लोखंडाचे शास्त्र बागेत काम करता करताच आत्मसात केले, हे आपल्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

या पॅक्स्टनने मॉरिशसकडून आलेले केळीचे एक रोप काचघरात वाढवले. नोव्हेंबर १८३५ मध्ये ते फुलले. ड्यूकच्या कॅव्हेन्डिश या घराण्याच्या नावावरून त्या केळीचे नाव पडले. आज जगाच्या निर्यात बाजारात जी केळी दिसतात ती बहुतेक याच कुळातली. आपल्या जळगावची बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन हीदेखील कॅव्हेन्डिश कुळातलीच. जळगावची केळी चॅट्सवर्थहून आली असा याचा अर्थ कुणी करू नये. कुळाला नाव तेवढे तिकडून मिळाले. केळी पिकवणारी माणसे मात्र इकडचीच.

आता या काचघरांच्या दुसऱ्या बाजूकडे पाहू. बॉयलर आपोआप पेटत नसत. बागेतले तरुण कामगार आवाराच्या भिंतीला लागून असलेल्या साध्या खोल्यांत राहत आणि पाळीपाळीने रात्री उठून कोळसा घालीत. बाहेर बर्फ, आत भट्टी. एक रात्र आग विझली तर वर्षांची मेहनत सकाळी काळी पडलेली दिसे. स्त्रियांना तर या कामात प्रवेशच नव्हता. क्यू उद्यानाने १८९६ साली प्रथम स्त्रिया माळीकामास घेतल्या आणि त्यांना पुरुषांसारखी आखूड विजार घालण्याची अट घातली. ती बातमी त्या काळी चवीने चर्चिली गेली. स्त्रियांनी काम मात्र चोख केले.

पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. चॅट्सवर्थच्या त्या मोठ्या काचघराचे बॉयलर थंड पडले आणि आतली झाडे मेली. अखेर १९२० साली ते काचघर पाडून टाकावे लागले. विकत आणलेल्या उष्णतेवर उभे केलेले वैभव उष्णता बंद होताच संपते, हा धडा त्यातून मिळतो. आमच्यासारख्या जमाखर्चाच्या वह्या लिहिणाऱ्याला तर तो फारच पटतो.

गरिबाघरच्या तीन रीती

सामान्य माणसाजवळ बॉयलर नाही आणि काचघरही नाही. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपात गॅस व विजेचे दर असे भडकले की घर तापवावे की पोट भरावे असा प्रश्न तिथल्याही गरीब कुटुंबांपुढे उभा राहिला. तिथे झाडासाठी वेगळी उष्णता कोण विकत घेणार? म्हणून तिथल्या कष्टकरी बागप्रेमींनी ज्या बिनखर्चाच्या रीती चालवल्या त्याच आम्हांला जास्त मोलाच्या वाटतात. त्या तीन आहेत.

पहिली रीत झोपवण्याची. डेलिया, कर्दळ, अळू, हळद, आले यांचा जीव जमिनीखाली गड्ड्यात असतो. डेलिया मूळची मेक्सिकोची. तिचे नाव १७९१ साली स्वीडनच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवले गेले. १९६३ पासून ती मेक्सिकोचे राष्ट्रीय फूल आहे. उत्तर इंग्लंडमधले कोळसा खाणकामगार डेलिया आणि शेवंतीची प्रदर्शने भरवीत व बक्षिसासाठी अटीतटीने झुंजत. पहिल्या कडक दहिवराने डेलियाची पाने काळी पडली की ते देठ वीतभर ठेवून छाटतात. काट्याने बाजूबाजूने माती मोकळी करून कंदांचा झुबका अलगद उचलतात. माती झटकून तो काही दिवस उलटा टांगतात किंवा उलटा ठेवतात, म्हणजे पोकळ देठांतले पाणी निथळून जाते. मग लाकडी खोक्यात कोरडी वाळू, लाकडाचा भुसा किंवा जुने वर्तमानपत्र घालून त्यात कंद ठेवतात. जागा अंधारी, कोरडी आणि ४ ते ७ अंशांची हवी. तळघर असेल तर उत्तम, नाहीतर जिन्याखालची जागाही चालते. महिन्यातून एकदा पाहणी करायची. कुजलेला कंद काढून टाकायचा, नाहीतर तो शेजाऱ्यालाही नासवतो. फार सुरकुतलेला दिसला तर पाण्याचा हलका शिपका द्यायचा. एक खूण लक्षात ठेवावी. डेलियाचा डोळा कंदाच्या पोटावर नसतो, तो देठाजवळच्या मानेवर असतो. मान तुटलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी उगवत नाही.

कर्दळीचा गड्डा याहून थोडा ओलसर ठेवावा लागतो. अळूचा गड्डा चांगला सुकवून ठेवतात. हळद-आल्याची पाने थंडीच्या तोंडावर आपसूक वाळतात, म्हणून कुंडी तशीच घरात कोरडी ठेवून देतात. हे वाचताना आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आठवतात. जमिनीखालच्या त्या पेवांत वाळवलेली हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात त्या पेवांची मोठी हानी झाली. जमिनीच्या पोटात हवामान फारसे बदलत नाही, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक होती आणि तळघरात कंद ठेवणाऱ्या तिकडच्या कामगारालाही.

दुसरी रीत पांघरुणाची. केळीच्या जातींत एक जात फार काटक आहे. तिला तिकडे जपानी केळ म्हणतात. तिची केळी खाण्यालायक नसतात, पण पानांच्या शोभेसाठी ती लावतात. हिवाळ्याच्या तोंडावर तिची पाने छाटतात, बुंध्याभोवती चार खुंट्या ठोकून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी गुंडाळतात आणि आत गवताचा पेंढा ठासून भरतात. वरून पाऊस आत जाऊ नये म्हणून झाकण घालतात. पेंढा कोरडा राहिला तरच ऊब राहते, ओला झाला तर बुंधा कुजतो. बुंधा गेला तरी बहुधा गड्डा जिवंत राहतो आणि उन्हाळ्यात नवा कोंब वर येतो. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील ग्रेट डिक्स्टर या प्रसिद्ध बागेत १९९० च्या दशकात जुनी गुलाबाची वाटिका काढून तिथे केळी, कर्दळ आणि डेलियाचे रान केले गेले. गुलाबाचे मोठे प्रस्थ असलेल्या त्या देशात या बदलाची बरीच चर्चा झाली होती.

तिसरी रीत घरात घेण्याची. जास्वंद, लिंबू, गवती चहा, कढीपत्ता यांना कंद नाही, तेव्हा झोपवायचे कसे? ही झाडे कुंडीतच वाढवतात आणि रात्रीचे तापमान १०-१२ अंशांकडे झुकू लागले की घरात घेतात. पहिल्या दहिवराची वाट पाहत नाहीत. आत घेण्यापूर्वी पानांची खालची बाजू तपासतात. मावा, पांढरी माशी, लाल कोळी, पिठ्या ढेकूण यांपैकी कुणी बसले असेल तर ओल्या फडक्याने पुसून साबणाच्या सौम्य पाण्याने धुतात. बाहेर पाऊस-वारा या किडींना आवर घालतो. घरातल्या कोरड्या उबेत मात्र त्यांचे फावते. कुंडी दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवतात, पण हीटरला चिकटून ठेवीत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी कमी. दिवस लहान, ऊन नाही, झाड अर्धवट झोपेत. त्याला रोज तांब्याभर पाणी घातले तर ते पिणार कोण? मुळे कुजतात. मातीत बोट खुपसून पाहावे, वरची दोन पेरे कोरडी लागली तरच पाणी द्यावे. थंडीतून वाचलेली कितीतरी झाडे मायेच्या पाण्याने मरतात.

‘भाऊ, कुंडी टाकून द्यायची का?’

आमच्या परिचयातील एका ताईंची कन्या इंग्लंडात शिकायला आहे. तिने तिथल्या बाजारातून कढीपत्त्याचे लहानसे रोप घेतले होते. जानेवारीत ताई काळजीने आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊ, पोरीच्या झाडाची सगळी पानं गळाली म्हणे. नुसती काडी उभी आहे. टाकून द्यायची का हो ती कुंडी?” आम्ही त्यांना आमच्या वस्तीत राहणाऱ्या, महापालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झालेल्या काकांकडे घेऊन गेलो. काका विलायतेला कधी गेले नाहीत. पण त्यांनी दोन वाक्यांत निकाल दिला. “बाई, लेकीला सांगा, नखानं साल जराशी खरवडून बघ. आत हिरवं असलं तर झाड झोपलंय, पाणी कमी कर आणि गप बस.”

मुलीने तसे केले. आत हिरवे होते. एप्रिल संपता संपता काडीला तांबूस-हिरवा कोंब आला आणि ताईंनी तो फोटो साऱ्या आळीला दाखवला. परक्या मुलखात एकट्या राहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ती कुंडी म्हणजे फोडणीच्या चार पानांपेक्षा फार मोठी गोष्ट होती, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

इथे एक सूचना आवश्यक आहे. प्रेमापोटी कुणी कढीपत्त्याचे रोप किंवा ताजी पाने सामानात घालून परदेशी पाठवू नयेत. लिंबूवर्गीय झाडांना सुकवणारा एक भयंकर रोग आहे, तो पसरवणारी बारीक कीड कढीपत्त्यावरही राहते. म्हणून अनेक देशांनी यावर कडक निर्बंध घातले आहेत. विमानतळावर आपल्या लेकराची अडचण होईल. रोप तिथल्याच रोपवाटिकेतून घ्यावे.

आपल्या घरोघर ज्याला मान आहे त्या बोधिवृक्षाविषयी, म्हणजे पिंपळाविषयीही वाचकांना जिज्ञासा असेल. पिंपळाला दहिवर सोसत नाही. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधिवृक्षाची फांदी नेली ती श्रीलंकेत, आणि तिथली हवा उबदार असल्याने अनुराधापूरला तो वृक्ष फोफावला. थंड देशांत मात्र पिंपळ काचघरात किंवा खिडकीतल्या कुंडीतच वाढवावा लागतो. जागा बदलली किंवा हवा कोरडी झाली की तो पाने टाकतो. घाबरू नये, मुळे शाबूत असली तर नवी तांबूस पालवी येते.

वसंतात घाई नको

हिवाळा सरला की माणसाला हुरूप येतो आणि तो झाडे बाहेर काढायची घाई करतो. दोन दिवस ऊन पडते, तिसऱ्या रात्री पुन्हा दहिवर आणि सगळा खेळ खलास. जर्मनीत ११ ते १५ मे या पाच दिवसांना ‘बर्फाचे संत’ म्हणतात. हे दिवस उलटल्याशिवाय नाजूक झाडे बाहेर लावायची नाहीत, असा तिथल्या माळ्यांचा जुना दंडक आहे. आपला शेतकरी जसा मृगावर नजर ठेवून पेरणी करतो, तसाच हा प्रकार. नाव संतांचे असले तरी त्यामागे अनेक पिढ्यांचे निरीक्षण आहे. अमेरिकेत शेती खात्याने थंडीच्या मानाने देशाचे १३ पट्टे पाडले आहेत आणि तो नकाशा २०२३ साली नव्याने काढला. कोणत्या पट्ट्यात कोणते झाड बाहेर तगेल, हे त्यावरून सामान्य माणसालाही समजते.

झाड बाहेर काढतानाही एकदम काढीत नाहीत. पहिल्या दिवशी तास-दोन तास सावलीत, मग हळूहळू वेळ वाढवीत सात ते दहा दिवसांत उन्हात. खिडकीत वाढलेले कोवळे पान एकदम उन्हात नेले तर करपते. कंदही याच सुमारास बाहेर निघतात, डोळे पाहून त्यांचे तुकडे करतात. एका डेलियाच्या चार होतात. शेजाऱ्याला एक, मैत्रिणीला एक. खर्च शून्य.

अडीच गुंठ्यांचा हक्क

हे सारे करायला जमीन लागते. ब्रिटनमधल्या कामगाराला ती कुठून मिळाली? तिथे १९०८ साली कायदा झाला. लोकांची मागणी असेल तर नगरपालिकेने त्यांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने द्यावेत, अशी जबाबदारी त्या कायद्याने घातली. पुरा तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. त्यावर खाणकामगारांनी, गिरणी कामगारांनी, पुढे वेस्ट इंडिज आणि आपल्या उपखंडातून गेलेल्या कष्टकऱ्यांनीही आपापल्या चवीची पिके काढली. तिथली कोथिंबीर, मेथी, भोपळा पाहिला की आपल्या माणसाला गावाची आठवण येते. जमीन मागितली, तिचा कायदा झाला आणि तो टिकवला, तेव्हा कुठे कामगाराच्या हाती स्वतःचे खुरपे आले. आपल्याकडे शहरात कुंडी ठेवायला गॅलरी नाही, त्या माणसाला या कायद्याचे महत्त्व वेगळे समजावून द्यायला नको.

आपण काय करावे?

आपल्याकडेही थंडीची बाधा होतेच. खानदेशात पारा १० अंशांखाली उतरला की केळीची वाढ खुंटते, घड नीट भरत नाहीत. शेतकरी बागेभोवती शेवरीचे कुंपण करून वारा अडवतात, रात्री हलके पाणी देतात, बांधावर ओला कचरा पेटवून धूर करतात आणि घडांना सच्छिद्र प्लॅस्टिकची पिशवी घालतात. नाशिक, पुणे, नागपूरकडच्या वाचकांनी डिसेंबर-जानेवारीत कुंड्या भिंतीच्या आडोशाला एकत्र मांडाव्यात. भिंत दिवसाची ऊब रात्री परत देते. पाणी सकाळी आणि बेताने घालावे. तुळस किंवा कढीपत्ता झडला म्हणून लगेच उपटू नये. आधी नखाने साल पाहावी. नागपंचमी-गौरीच्या दिवसांत फुललेली हळद-कर्दळ थंडीत वाळली तर गड्डे कागदात गुंडाळून ठेवावेत, पावसाळ्यात पुन्हा लावावेत.

ज्यांच्या विहारापुढे किंवा समाजमंदिरापुढे चार हात मोकळी जागा आहे त्यांनी मुलांच्या हातून चार कंद लावून घ्यावेत. वस्तीत उद्यान खात्यातून निवृत्त झालेले कुणी काका-मावशी असतील तर रविवारी त्यांना बोलवावे आणि मुलांना त्यांच्यासमोर बसवावे. खुर्ची त्यांना द्यावी. त्यांच्याजवळ जे आहे ते पुस्तकात सापडेलच असे नाही. बागकामाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या तरुणाला रोपवाटिकेत, गृहसंस्थांत, महापालिकांत काम मिळू शकते, हेही पालकांनी विचारात घ्यावे.

आणि ज्यांची लेकरे थंड मुलखात आहेत त्यांनी एवढे जरूर कळवावे: ऑक्टोबर लागण्यापूर्वी कुंडी आत घे, पाणी कमी घाल, पाने गळाली तर घाबरू नकोस, मे निम्मा उलटल्याशिवाय बाहेर काढू नकोस. आणि टाकून देण्याआधी साल खरवडून पाहा.